दाराचा दुसरा पाईप

४ जानेवारी

ती. दादा,

कंबर वाकत नाही, त्यामुळे साष्टांग राहू दे. उभ्यानेच नमस्कार घे.

परवा फोन केला होता. वहिनींनी तुझ्या हातात दिला, तू तीनदा "कोण बोलतंय" विचारलंस आणि ठेवून दिलास. तुझे कान ग्राइंडरने खाल्लेत हे मला ठाऊक आहे, म्हणून रागावलो नाही. शिवाय मला जे विचारायचंय त्याला कागद लागतो.

विषय आपली म्हैस, ती जुनी गाडी. तू गॅरेज सोडून गेलास तेव्हा ती ताडपत्रीखाली होती. मागच्या वर्षी मी तिला बाहेर काढली आणि मोठं इंजिन बसवलं. बळ दुप्पट झालं, हाडं मात्र तीच राहिली. जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर पाव मैलाची शर्यत असते तिथे नेतो. हिरवा दिवा लागला की ती डावं पुढचं चाक उचलते, कुत्र्याने खांबापाशी उचलावं तसं. मागची चाकं एकसारखी दाबली जात नाहीत, शेपूट कधी इकडे जातं, कधी तिकडे. धाव संपली की चालवणाऱ्याचं दार अडकतं, बाहेरून लाथ घालावी लागते. पुढची काच कोपऱ्यातून तडकली, नवी टाकली, ती पण तिथेच तडकली. माझ्या मते सगळा सांगाडाच पिळवटतोय.

त्यात तपासनीस म्हणाला, ह्या वेळेत धावणाऱ्या गाडीला आतून पाईपांचा पूर्ण पिंजरा हवा, उलटली तर चालवणारा चिरडू नये म्हणून. मागची आपली जुनी कमान आता चालणार नाही. पिंजरा तुझ्याइतका कोणाला येत नाही. नकाशा काढून पाठव, पाईप कुठून कुठे न्यायचे ते सांग, बाकी मी बघतो. चालवायला मी आहेच.

बारकी मजेत आहे. चष्म्याच्या दुकानातलं काम तिला जमलंय, मालक काचा घासायला तिच्याच हातात देतो. वरच्या खोलीत राहते, तुझ्यासारखी कमी बोलते आणि तुझ्यासारखीच भांडी न घासता झोपते.

तुझा,
धाकटा


१९ जानेवारी

चि. धाकट्या,

आशीर्वाद आहेतच, आणखी नवे कुठून आणू.

तुझं पत्र दोन दिवस उशाशी ठेवलं. वाटलं, उत्तरच देऊ नये. वीस वर्षं त्या गाड्यांखाली पाठीवर पडून काढली, त्यातून मला दोन गुडघे आणि दोन कान कमी मिळाले. इथे बसच्या खुर्च्यांच्या कारखान्यात आलो तो गाड्यांना कंटाळून. दिवसभर खुर्चीचे सांगाडे हलवून बघतो, डुगडुगणारा बाजूला काढतो. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही, पाच वाजता भोंगा होतो. आणि तू ह्या वयात शिंगं मोडून वासरांत शिरतोस.

तरी विचारलंयस तर सांगतो.

झाकण नसलेला बुटांचा खोका दोन्ही हातांनी पिळून बघ. सहज पिळला जातो. त्यावर झाकण चिकटव आणि मग पीळ. तुझी गाडी बिनझाकणाचा खोका आहे. इंजिन जोर लावतं, तो जोर चाकांकडे जाण्याआधी गाडीच्या अंगात जिरतो. अंग पिळलं की दार अडकणार, काच तडकणार. तू शॉक अ‍ॅब्सॉर्बर सैल कर नाहीतर घट्ट कर, फरक पडणार नाही, कारण अख्खी गाडीच एक मोठी, खराब स्प्रिंग झाली आहे. मऊ गाडी रोज वेगळी वागते. टणक गाडी चूक करते ती सुद्धा रोज तीच करते, म्हणून सुधारता येते.

तेव्हा पिंजरा नुसता जीव वाचवायला नसतो. त्याचे मागचे दोन पाय जिथे मागचं सस्पेन्शन अडकतं तिथे नेऊन बांध, पुढचे दोन पुढच्या चाकांच्या बाजूला. म्हणजे चारी टोकं एकमेकांना ओळखायला लागतील. पत्र्यावर नुसता पाईप टेकवू नकोस, खाली जाड पट्टी वेल्ड कर. नाहीतर उलटली की पाईप पत्र्यातून आरपार जाईल, सुई कापडातून जाते तसा.

चालवणाऱ्याच्या दाराशी आडवा पाईप एकच लाव. काही जण दोन लावतात, एकमेकांना छेद देणारे. दुसरा नको. नियमात एकच लागतो, वजन वाढतं, आणि तुझ्या पोटाला आत शिरायला जागा हवी. तुझी हाडं जाड आहेत.

मापं पाठव. सीटवर हेल्मेट घालून बसायचं आणि सीटपासून हेल्मेटच्या माथ्यापर्यंत मोजायचं. शिवाय खांद्यांची रुंदी आणि कंबरेपासून पेडलपर्यंत पाय. डोकं आणि पाईप ह्यांच्यात अंतर राहिलं पाहिजे, नाहीतर वाचवायला लावलेला पाईपच कवटी फोडतो. वीस वर्षांपूर्वीची मापं आहेत माझ्याकडे, पण माणूस खचतो, तेव्हा नव्याने मोज.

नकाशा मागच्या पानावर.

बारकीला सांग, बापाला कधीतरी दोन ओळी लिहीत जा. आईशी फोनवर बोलते ते मला कळतं, पण मला ऐकू येत नाही. आणि तिला गॅरेजच्या धुरापासून लांब ठेव. तिला तुझ्याकडे पाठवताना मी एवढी एकच गोष्ट मागितली होती.

दादा


२ फेब्रुवारी

ती. दादा,

नकाशा मिळाला. कागद भिंतीला चिकटवलाय, बायको म्हणते फोटो लाव हार घालते.

पाईप आणले, वाकवून घेतले. गाडीतून इंजिन सोडून सगळं उतरवलं. बॉडी लोखंडी घोड्यांवर चढवली म्हणजे खाली शिरायला बरं. काम हळू चाललंय. हल्ली मी लवकर दमतो. सकाळी एक जोड घासून बसवला की दुपारी नुसता त्याच्याकडे बघत बसतो. पूर्वी आपण गाणी म्हणत काम करायचो. तू बेसूर म्हणायचास आणि मी ग्राइंडर चालू करायचो, तेवढ्यात वेळ जायचा.

मापं पाठवतो नंतर. हेल्मेट नवं घ्यायचंय.

बारकी ठीक. रविवारी मैत्रिणींबरोबर जाते कुठेतरी, मी विचारत नाही. धुरापासून लांबच आहे. तिच्या काकूने तिला विणकाम शिकवायला घेतलं होतं, तीन ओळींत दोघी थकल्या.

एक विचारतो. छताला चिकटून जे जोड येतात त्यांची वरची बाजू वेल्ड कशी करायची? छत मध्ये येतं. इथले लोक म्हणतात, खालून अर्धा गोल मारला तरी चालतो, वर कोण बघतंय.

धाकटा


१४ फेब्रुवारी

चि. धाकट्या,

वर कोण बघतंय असं म्हणणाऱ्याला गॅरेजमध्ये घेऊ नकोस.

पिंजऱ्याचे पाय जिथे टेकतात तिथे गाडीच्या तळाला भोकं पाड. पिंजरा त्या भोकांतून वीतभर खाली सोड. आता छत आणि पाईप ह्यांच्यात हात जाईल. वरचे जोड पूर्ण गोल मार. मग पिंजरा उचल, भोकांवर पट्ट्या ठेव आणि पाय त्यावर बांध. अर्ध्या वेल्डचा पाईप म्हणजे अर्धा लावलेला दरवाजा, बंद दिसतो एवढंच.

हे सगळं मी इथून सांगतोय म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं आहे. पण उंटावरून उतरायची ताकद नाही मला. जिना चढलो की तुझी वहिनी माझ्याकडे बघते आणि मी पत्रं वाचत असल्याचं नाटक करतो, म्हणजे दम लागलेला दिसत नाही.

मापं अजून नाहीत. हेल्मेट नवं घ्यायचं म्हणजे काय राजमुकुट घ्यायचाय? जुनं घालून मोज. मापाशिवाय छताचा पाईप बांधू नकोस. आणि बारकीचं पत्र नाही. ती रुसली आहे का? तुला माहीत असेल तर सांग, मी विचारतोय असं तिला कळू देऊ नकोस.

दादा


९ मार्च

ती. दादा,

पिंजरा झाला. तू सांगितलंस तसा खाली सोडून वरचे जोड पूर्ण गोल मारले. तपासनिसाने आरसा घालून बघितले आणि मान हलवली. दार आता बोटाने उघडतं. काच शाबूत आहे. पुढचं चाक उचलत नाही.

पण दादा, गाडी उजवीकडे जाते. आधी वेडीवाकडी जायची, आता ठरवून जाते. हिरवा दिवा लागला, पाय दाबला, की उजवीकडे. चारी चाकांखाली काटे ठेवून वजन केलं. स्प्रिंगखाली चकत्या घालून डावं-उजवं सारखं केलं. उभी असते तेव्हा साध्वी. जोर लावला की पुन्हा तेच. टायर बदलून झाले. काल तर ती कठड्यापासून हातभर अंतरावरून गेली. धावपट्टी वाकडी आहे असं म्हणून बघितलं, पण नाचता येईना तेव्हा अंगण वाकडं म्हणतात हे मलाही माहीत आहे.

महिनाअखेरीस मोठी शर्यत आहे. काय चुकलं ते सांग.

मापं मागत होतास ती घे. हेल्मेटच्या माथ्यापर्यंत नव्वद सेंटिमीटर. खांदे एकेचाळीस. पाय शहाण्णव. त्याप्रमाणे सीट वर-पुढे घेतली आहे, छताच्या पाईपला भरपूर अंतर राहिलंय.

धाकटा


१४ मार्च

धाकट्या,

पिंजरा वेल्ड करताना गाडी कशावर होती? घोड्यांवर. तुझ्याच पत्रात आहे, मी तेव्हा वाचून पुढे गेलो, माझं लक्ष वरच्या जोडांत होतं. घोड्या कुठे लावल्या होत्यास, आणि चारी एका उंचीच्या होत्या का? आपल्या गॅरेजची जमीन गटाराकडे उतरती आहे. इंजिन पुढे लटकत होतं, मागचा भाग रिकामा. म्हणजे बॉडी घोड्यांवर पिळून बसली होती, पत्र्याच्या गाडीत ते डोळ्याला दिसतसुद्धा नाही. त्या पिळलेल्या अवस्थेत तू तिला पिंजरा बांधलास. आता ती चाकांवर उतरली तरी पीळ तसाच. सुंभ जळतो पण पीळ जात नाही म्हणतात, इथे तू पिळालाच वेल्ड मारलास. मागचं सस्पेन्शन जिथे अडकतं त्या डाव्या आणि उजव्या जागा आता एका उंचीवर नाहीत. चकत्या घालून उभ्या गाडीचं वजन सारखं होईल, जोर लावला की दोन्ही बाजू वेगळी वागणार. जेवढा पिंजरा चांगला, तेवढी चूक पक्की.

उपाय एकच. मागचे पाय आणि दाराचा पाईप कापून मोकळे कर. गाडी सपाट जमिनीवर चाकांवर उभी कर, इंजिन, तेल, पेट्रोल सगळं भरून, आणि सीटवर चालवणाऱ्याचं वजन. ती सैल होऊन बसू दे. मग पुन्हा बांध.

आता दुसरी गोष्ट. तू आणि मी बसलो तर डोक्याची पातळी एकच येते. आई म्हणायची, जेवायला बसलेत की आरशात बसलेत. हेल्मेट घालून तू नव्वदवर थांबत नाहीस, शंभराला टेकतोस. आणि एकेचाळीस खांदे तुझे शाळेत असतानाही नव्हते.

ह्या मापाचं माणूस आपल्या घरात एकच आहे. तिचं शिवणाचं स्टूल मी ह्याच मापाने बनवलं होतं.

तिला त्या गाडीत बसू द्यायचं नाही. हे मी सांगतोय, विचारत नाही. माझी एकच मागणी होती आणि तू मला विणकामाच्या गोष्टी लिहीत बसलास. मला फार वाईट वाटलं आहे.

दाराला दोन पाईप लाव, छेद देऊन. छेदावर जोडपट्टी. छताच्या कोपऱ्यांत त्रिकोणी पत्रे भर. डोक्याजवळच्या सगळ्या पाईपांना जाड गादी. सीटच्या मागे आणखी एक आडवा. वजन वाढेल, वाढू दे.

ती बसणार नाहीच आहे, तरी लाव.

दादा


१८ मार्च

ती. दादा,

पत्र बारकीला दाखवलं. ती वाचून वर गेली. तिच्या काकूने वाचलं आणि मला म्हणाली, आता खोटं बोलायला तुझ्याकडे काही उरलंय का, नसेल तर खरं लिही.

खरं असं की मागच्या वर्षी धावताना मला अर्ध्या पल्ल्यावर दिवे दोन-दोन दिसायला लागले. गाडी थांबवली आणि उतरताना पडलो. डॉक्टर म्हणतो, आतल्या कानाचा काहीतरी बिघाड आहे, तोल जातो, बरा होईल असं सांगता येत नाही. गाडी चालवायची नाही, शिडी चढायची नाही. तुझे कान ऐकत नाहीत, माझे तोल धरत नाहीत, आपल्या घराण्यात कान बसवणाऱ्यानेच घाई केली आहे. तुला कळवलं नाही, कारण तू काही करू शकला नसतास आणि नुसतं वाईट वाटून घेतलं असतंस.

बारकी इंजिन गरम करायला बसायची, एवढंच. एकदा मी म्हटलं, सरळ नेऊन आण. तिने नेली. दादा, तिला गाडीचं शेपूट कंबरेला कळतं. मला कधी कळलं नाही, मी नुसता पाय दाबायचो. तिला मी ओढून आणलेलं नाही. उलट मी थांबलो असतो, तिने मला थांबू दिलं नाही. ती तुला लिहीत नाही कारण लिहिलं तर खोटं लिहावं लागेल, आणि ते काम घरात मी करतच होतो.

तुझं घोड्यांचं बरोबर आहे. एक घोडी विटेवर होती. गेले दोन दिवस मी नुसतं ते आठवतोय. मागचे पाय कापले तेव्हा पाईप आपणहून बोटभर बाजूला सरकला, जणू इतके दिवस श्वास रोखून बसला होता.

एक गोष्ट मनात राहते, ती लिहून टाकतो. माझ्या मानेला दाराशी एक पाईप पुरत होता. नियमात एकच लागतो, तुझी हाडं जाड आहेत. तिची मापं दिसली आणि पाईप दोन झाले, पत्रे आले, गाद्या आल्या. मी वाचून हसलो. मग हसू थांबलं. तू बाप आहेस, तसंच असायला हवं. तरी लागलं.

कापायचं झालंय. जोडायला माझा हात आता भरवशाचा नाही, वेल्डच्या ठिणगीकडे बघितलं की जमीन फिरते. दुसऱ्या कोणाला देऊ शकतो. तो खालून अर्धा गोल मारेल. तू ये.

धाकटा


२२ मार्च

धाकट्या,

मी येणार नाही.

आलो आणि जोडला तर माझी संमती झाली. नाही आलो तर ती दुसऱ्याने जोडलेल्या पिंजऱ्यात बसेल, कारण ती माझी मुलगी आहे आणि मी नको म्हटलेलं तिने आजवर कधी सोडलं नाही. दोन्हीकडून मीच अडकलोय. मला ह्या सगळ्याचा कंटाळा आलाय. मी खुर्च्या हलवायला आलो होतो इथे.

गुडघे प्रवासाला तयार नाहीत. सुट्टी नाही.

डॉक्टर दुसरा बघ.

दादा


४ एप्रिल

प्रिय बाबा,

तुम्ही नीट पोचलात असं आई म्हणाली. तुम्ही लिही म्हणालात म्हणून लिहिते आहे. म्हणालात म्हणजे, बसमध्ये चढताना पोस्टाची पाकिटं माझ्या हातात दिलीत. तेवढंच आपलं बोलणं झालं.

येणार नाही असं लिहूनही तुम्ही त्या सकाळी आलात तेव्हा मी दुकानात निघाले होते. गॅरेजच्या दारात पिशवी खाली न ठेवता उभे होतात. काका काही बोलायच्या आत तुम्ही जमिनीवर पाणसळ ठेवून बघायला सुरुवात केलीत. काकू म्हणाली, आधी चहा तरी घ्या. तुम्ही म्हणालात, जमीन उतरती आहे. मग चाकांखाली पट्ट्या घालून म्हैस पाण्याच्या पातळीत आणली तुम्ही. दुपारी मला वजनकाट्यावर उभं केलंत, हेल्मेटसकट, आणि तेवढ्याच वजनाची वाळू पोत्यांत भरून सीटवर ठेवलीत. वेल्डच्या वेळी माणूस आत नको, वजन हवं. पोत्यावर माझं हेल्मेट ठेवलंत. काकांनी त्याला नमस्कार केला तेव्हा तुम्ही हसला नाहीत, पण वेल्डिंगची काच डोळ्यांवर ओढून घेतलीत, ते मला कळलं.

दोन दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. मी पट्ट्या घासून देत होते, तुम्ही न बघता हात पुढे करत होतात. दाराचा दुसरा पाईप लावताना तुम्ही आत वाकला होतात आणि तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून इतरांनाही येत नाही असं तुम्हाला वाटतं. तुम्ही त्या पोत्याला म्हणालात, "मान सरळ ठेव. घाबरू नकोस. मी आहे इथे." बाबा, मी मागे उभी होते. मी पोत्याच्या जागी असते तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

शर्यतीला थांबला नाहीत. रजा नव्हती म्हणालात. मी समजले.

गाडी सरळ गेली. तुम्हाला हे लिहिताना माझे हात दुखतात, कारण शेवटपर्यंत मी चाक गच्च धरून होते आणि धरायची गरजच नव्हती. दिवा लागला, मागची दोन्ही चाकं एकदम बसली, आणि समोर नुसती रेष. काका म्हणतात तसं शेपूट कंबरेला कळतं, ह्या वेळी कळायला काही नव्हतंच.

हरले. शेजारून धावणारा टायरचा दुकानदार अर्ध्या बॉनेटने पुढे होता. काकांनी हिशेब केला, तुमचे जादा पाईप, पत्रे आणि गाद्या नसत्या तर मी जिंकले असते. ते म्हणाले दादाला सांगू नकोस. म्हणून सांगते. एकही काढणार नाही.

एक गोष्ट आईला सांगू नका. मी परत आले तेव्हा काका सुरुवातीच्या रेषेमागे जमिनीवर बसले होते. म्हणाले, टायरचे डाग बघतोय. पण त्यांचा हात कठड्याच्या तारेत अडकवलेला होता, आणि मी उठवलं तेव्हा त्यांचं सगळं वजन माझ्यावर आलं. सुरुवातीपासून तार धरून उभे होते म्हणे, शेवटी खाली बसले. तिथे बसायला काही नसतं. दुसऱ्या कोणी खुर्ची दिली तर त्यांना अपमान वाटतो, आणि साध्या खुर्चीतून ते कडेला कलतात. मला काळजी वाटते. पुढच्या महिन्यात परत शर्यत आहे आणि ते येणारच.

तुमची,
बारकी


१२ एप्रिल

चि. धाकट्या,

बारकीचं पत्र आलं. गाडी सरळ गेली हे वाचलं. तुझ्या वहिनीला तेवढंच वाचून दाखवलं, ती म्हणाली, मग आता तरी नीट जेवा.

अर्ध्या बॉनेटचं पण वाचलं. तुझा हिशेब बरोबर असेल. मला त्याचं काही वाटत नाही.

तुझ्या पत्रातलं ते एक वाक्य गेले काही आठवडे माझ्याबरोबर कामावर येतं. एक पाईप, दोन पाईप. तिथे असताना बोलायला हवं होतं, पण तू समोर असलास की मला जमिनीची उतरणच दिसते. आता लिहितो. तुझी काळजी नव्हती असं नाही. तू मोडशील असं मला कधी वाटलंच नाही. लहानपणी तू गच्चीवरून पडलास आणि उठून आधी चप्पल शोधलीस. तेव्हापासून मी तुला त्याच हिशेबात धरून बसलो. घोडीखालची वीट तू बघितली नाहीस, मीही बघितली नाही. ह्या वयात असं काही कळलं की माणूस दमून जातो. पण कळलं.

मी इथे तुझ्यासाठी खुर्ची करायला घेतली आहे. सुरुवातीच्या रेषेमागे ठेवायची, घडी होणारी, पाय रुंद, म्हणजे वाकड्या जमिनीवरही बसेल. कारखान्याचीच नळी आहे, फोरमनला सांगून घेतली. त्याने विचारलं, कोणासाठी. मी म्हटलं, भाऊ आहे, शर्यतीला जातो.

मापं पाठव. बसलेली उंची, खांदे, कोपर सीटपासून किती वर येतं, गुडघ्यापासून टाच. ह्या वेळी तुझीच. बारकीकडून मोजून घे, तुझ्यावर माझा भरवसा नाही.

हात टेकायला दोन्ही बाजूंना एकेक पाईप असतो. सगळ्या खुर्च्यांना तेवढाच असतो, नियमात तेवढाच लागतो. तुझ्या खुर्चीला मी दोन्हीकडे दोन-दोन टाकतोय.

दादा